सगळंच कॅशेत नको!

लिनक्सचा कर्नल स्वतः कंपाइल करायला घेतला की 'मेन्यूकॉन्फिग' शेकडो प्रश्न विचारतं. बहुतेक जण डिफॉल्ट ठेवून पुढे सरकतात. त्यातला माझा लाडका पर्याय म्हणजे एमटीआरआर.

कॅशे म्हटलं की वाटतं, जितका जास्त तितकं बरं. ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीला मात्र हे लागू नाही. तिथे लिहिलेला पिक्सेल प्रोसेसरच्या कॅशेतच बसून राहिला, तर स्क्रीनवर दिसणार कसा? बरं, कॅशे अजिबात बंद केला तर प्रत्येक बारीकसारीक लेखनाला बसवर वेगळी फेरी. म्हणजे मेथीच्या एकेका जुडीसाठी मंडईत वेगळी चक्कर!

१९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये इंटेलने मधला मार्ग दिला: राइट-कम्बाइनिंग. शेजारशेजारचे बाइट्स आधी गोळा करायचे, मग एकदम पाठवायचे. कुठल्या पत्त्यांना कुठला नियम, ते एमटीआरआर रजिस्टर्स सांगतात. कर्नलचा मदतीचा मजकूर म्हणतो, पीसीआय किंवा एजीपी कार्डावर चित्र लिहिण्याचा वेग अडीच पट किंवा त्याहूनही जास्त वाढू शकतो.

कॉलेजात पैसे जोडून घेतलेल्या माझ्या पीसीवर सिनेमा अडखळायचा. नवं कार्ड परवडणारं नव्हतं. हा पर्याय चालू केला आणि सिनेमा सुरळीत चालला. खर्च शून्य!

ही रजिस्टर्स मोजकीच असतात. म्हणून मेमरीच्या प्रत्येक पानाला वेगळा नियम लावणारं 'पॅट' आलं आणि २००८ मध्ये कर्नल २.६.२६ ने ते स्वीकारलं. आता हे सगळं ड्रायव्हरच बघतात.

तरी मशीन हळू वाटलं, की पाकीट काढण्याआधी त्याला काय सांगून ठेवलंय ते एकदा वाचा.