बारा डब्यांचा वाढदिवस

जैन घरातल्या वाढदिवसाला दोन घड्याळे सांभाळावी लागतात. एक भिंतीवरचे, दुसरे आकाशातले. वसईत त्यात पश्चिम रेल्वेच्या घड्याळाची भर पडते. नातवाचा वाढदिवस पौषात येतो. त्या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो आणि मुलाची पेढी काळबादेवीला. एरवी तो घरी येतो तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात. नातू झोपलेला असतो.

म्हणूनच कदाचित नातवाला आगगाडीचे एवढे वेड असावे. घर रुळांजवळ. जलद गाडी कोणती, धीमी कोणती, दिव्याकडे वळणारी मालगाडी कोणती, हे तो अंथरुणातून आवाजावरून सांगतो. विरारहून मुंबईकडे पहिली लोकल १८६७ मध्ये निघाली आणि विजेची गाडी विरारपर्यंत १९३६ मध्ये आली, हे मला त्यानेच ऐकवले. यंदा त्याला सातवे वर्ष लागले. केक हवा तो लोकलचा, डबे मोजून बारा.

मला मनातून बरे वाटले. हल्ली ससा, अस्वल अशा आकारांचे केक करून मुलांच्या हाती सुरी देतात. पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला म्हणून यशोधर राजाला आणि त्याच्या आईला तिर्यंच गतीत किती जन्म भोगावे लागले, ती कथा ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला ते बघवत नाही. (सूनबाई यावर हसतात, पण त्यांनीही ससा कधी केला नाही.) लोकलच्या डब्याला जीव नसतो, तो खुशाल कापावा.

केक सूनबाईंनी घरीच केला. अंडे नाही, जिलेटिन नाही. बाजारच्या लाल रंगात कोचिनील किड्यांचा अंश असू शकतो, म्हणून तो नाही. बीट तर कंदमूळच. दीड वाटी मैदा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी तेल, वाटीभर ताजे दही. दह्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा व सव्वा चमचा बेकिंग पावडर घालून पाच मिनिटे ठेवले की ते फसफसून वर येते आणि अंड्याची उणीव भरून काढते. मग मात्र मिश्रण थांबवू नये. १८० अंशांवर लगेच भाजायला ठेवावे. असे दोन लांबट केक, प्रत्येकाचे सहा डबे. वर दुधात कालवलेल्या पिठीसाखरेचा पांढरा लेप, कोकमाच्या गोड पाकाचा पट्टा, चाके नानकटाईची. पट्टा जांभळ्याऐवजी गुलाबीकडे झुकला. नातवाने चालवून घेतले.

मुलगा तीनलाच निघणार होता. निघतानाच एक जुने गिऱ्हाईक आले, आणि दारी आलेले गिऱ्हाईक परतवू नये हे आमच्या यजमानांनीच त्याला शिकवलेले. पाच वाजले, साडेपाच झाले. नातू गॅलरीत उभा राहून जलद गाड्या मोजत होता. 'कापूया का?' असे विचारायचे धाडस कोणालाच होईना. उन्हे समोरच्या इमारतीच्या गच्चीवर चढली. शिळा केक आमच्याकडे खात नाहीत, हे त्यालाही ठाऊक होते.

सहा वाजून तीन मिनिटांनी दार वाजले.

मेणबत्ती फुंकण्याची आमच्याकडे रीत नाही. नवकार म्हटला, सुरी हाती दिली. नातवाने पुढून मोजत पाचवा डबा अलगद कापला आणि बशीत घालून वडिलांपुढे धरला. "बाबा, हा तुमचा रोजचा डबा. आज बसायला जागा आहे."

मुलगा पायातले मोजेही न काढता जमिनीवर बसला. सूर्यास्ताला दहा मिनिटे होती. उरलेले डबे मजल्यावरच्या मुलांनी त्याआधीच रिकामे केले.