अख्खा डोंगर कशाला?

युगो साको आणि राम मोहन यांच्या ‘रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’ या अॅनिमेशनपटात हनुमान औषधीसाठी पर्वतच उचलतो. सातपूरच्या घरी तो पाहताना भाच्याने विचारले, ‘‘मामा, एक मुळी उपटली असती तर?’’ प्रश्न तर्कशुद्ध. मात्र गादीवर बसून सुचणारा. रणात जखमी खोळंबलेले, वनस्पतीची ओळख पटेना. तिथे निवडत बसणे हाच धोका. वाल्मीकींच्या एका प्रसंगात तर औषधीच दडून बसतात. आमच्या औद्योगिक वसाहतीत यंत्र अडले की फिटर नेमका पाना शोधत नाही, हत्यारांची पेटीच उचलून धावतो. शिवाय आकाशातून येणारा डोंगर थकलेल्या सैन्याला दुरूनच दिसतो. चिमटीतली मुळी कुणाला दिसली असती?