मायक्रॉनची उमेदवारी

दहावी-बारावीचे निकाल लागले की खुटबावात मला एक प्रश्न हमखास येतो. "नाना, पोराला सीएनसीला घालायचंय. किती दिवसांत शिकंल?" विचारणाऱ्याचा ऊस कारखान्याला नाहीतर गुऱ्हाळाला जात असतो. पोरानं सकाळची गाडी धरून हडपसर गाठावं, किंवा ओळखीपाळखीनं कुरकुंभला, रांजणगावला चिकटावं, एवढंच त्याचं म्हणणं असतं. मी सांगतो, बटण दाबायला आठवडा पुरे. मशिनिस्ट व्हायला तीन वर्षं. दोन आयटीआयची, एक शिकाऊ उमेदवारीचं. हे उत्तर कुणाला आवडत नाही, कारण शेजारच्याचा मुलगा आठवड्यातच 'लागलेला' असतो.

माझी नोकरी टूलरूममध्ये गेली आणि तिचा उत्तरार्ध शिकाऊ उमेदवारांना शिकवण्यात. आठवडा आणि तीन वर्षं यांच्या मधल्या काळात पोरगं नेमकं काय शिकतं, हे कारखान्याबाहेरच्या माणसाला कुणी सांगत नाही. ते सांगण्याचा हा प्रयत्न.

आधी मापाचा अंदाज घेऊ. आमच्या भागातल्या गुऱ्हाळाचा चरक बघा. दोन रोलरमधली फट मिस्त्री नजरेनं ठेवतो. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर रस थोडा कमी निघेल, चरक बंद पडत नाही. त्याच उसाच्या फडात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप उघडा. त्यातला प्लंजर आणि त्याचं बॅरल यांच्यामध्ये जागा असते अवघ्या काही मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. ही जोडी कारखान्यातच निवडून जुळवलेली असते, म्हणून एका पंपाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालायचा नसतो. फट वाढली की डिझेल मागं गळतं, दाब पडतो आणि ट्रॅक्टर सकाळी सुरू व्हायला कुरकुरतो.

असे भाग रोज हजारोंनी बनतात, ते ठरलेल्या हद्दीत ठेवून. पंचवीस मिलिमीटरच्या भोकाला ड्रॉइंगवर 'एच ७' लिहिलं असेल तर भोक बरोबर पंचवीसपासून एकवीस मायक्रॉन मोठ्यापर्यंत चालतं. त्यात सरकणाऱ्या शाफ्टला 'जी ६' असेल तर तो पंचवीसपेक्षा सात ते वीस मायक्रॉन बारीक हवा, म्हणजे २४.९९३ आणि २४.९८० यांच्यामध्ये. शाफ्टवाल्याच्या वाट्याला आलेली हद्द तेरा मायक्रॉनची. उमेदवारानं तीन वर्षांत शिकायचं ते एवढंच, की या तेरा मायक्रॉनमध्ये चूक कुठून कुठून शिरते.

मिलिंग मशीनवर मी पहिलं काम द्यायचो ते ठोकळ्याचं. करवतीनं तोडलेला लोखंडी ठोकळा घ्यायचा आणि त्याच्या सहाही बाजू काटकोनात आणायच्या. ऐकायला बाळबोध. व्हाइसला दोन जबडे असतात. पक्का जबडा डायल लावून मशीनच्या चालीला समांतर केलेला असतो. सरकता जबडा मात्र आवळताना किंचित उचलतो, त्याच्यावर विसंबायचं नसतं. पहिली मोठी बाजू मारून घेतली की ती पक्क्या जबड्याला टेकवायची आणि सरकता जबडा व ठोकळा यांच्यामध्ये एक गोल सळई आडवी धरायची. सळई एकाच रेषेत टेकते. मागची बाजू कितीही ओबडधोबड असो, ठोकळा पक्क्या जबड्यालाच चपखल बसतो आणि आता मारलेली दुसरी बाजू पहिलीशी काटकोन करते. मग दुसरी बाजू खाली पॅरललवर, म्हणजे सारख्या उंचीच्या दोन पट्ट्यांवर, ठेवून तिसरी, पहिली खाली ठेवून चौथी. शेवटी गुण्या लावून ठोकळा उभा करायचा आणि दोन टोकं मारायची.

बहुतेकांचा पहिला ठोकळा दिसायला चकचकीत आणि मापाला वाकडा निघतो. गुण्या लावून उजेडाकडं धरला की प्रकाशाची रेघ दिसते. उमेदवार म्हणतो, "सर, मशीनच आउट आहे." मशीन आउट नसतं. प्रत्येक बाजू मारल्यावर कडेला केसासारखी बर उभी राहते. ती कानशीनं काढलेली नसते, किंवा पॅरललखाली किसाचा एखादा कण राहिलेला असतो. ठोकळा त्यावर तिरका बसतो आणि मशीन तो तिरकेपणा इमानेइतबारे कापून देतं. अशा वेळी मी उत्तर सांगत नसे. पॅरललखाली कागदाच्या पट्ट्या ठेवायच्या आणि ओढून बघायच्या. जी पट्टी सैल सुटते त्या कोपऱ्यात घोटाळा. ज्याला हे स्वतः सापडलं तो पुढं आयुष्यभर जॉब बांधण्याआधी जबड्यावरून बोट फिरवतो, न सांगता.

दुसरी चोरवाट उष्णतेची. लांबीची मापं जगभर २० अंश सेल्सिअसला धरली जातात. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली पारा चाळिशीला टेकतो. पोलाद दर अंशाला मीटरमागं सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढतं. आता तोच पंचवीस मिलिमीटरचा शाफ्ट घ्या. मशीनवरून नुकताच उतरलेला, मायक्रोमीटरपेक्षा चाळीस अंशांनी गरम. उमेदवार मोजतो, २४.९८६ भरतो. हद्दीच्या जवळपास मध्यावर, पोरगं खूश. जेवणाच्या सुट्टीनंतर तोच शाफ्ट थंड होऊन २४.९७५ च्या आसपास येतो. बाद! जास्तीचं लोखंड उद्याही काढता येतं. कमी झालेलं परत चिकटवता येत नाही. म्हणून चांगल्या मापनखोलीत एसी असतो तो माणसांसाठी नाही, आणि मायक्रोमीटर पकडायच्या जागी उष्णता न जाऊ देणारे पॅड असतात. महागड्या स्लिप गेज उघड्या हातानं धरल्या तर ऊब मापात उतरते आणि घामानं गंज चढतो.

या स्लिप गेजची गोष्ट उमेदवारांना फार आवडते. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड जोहान्सननं १८९६ साली ही कल्पना मांडली. निरनिराळ्या जाडीच्या १०२ पोलादी ठोकळ्या घेतल्या, तर त्या एकमेकींना जोडून एक ते दोनशे एक मिलिमीटरपर्यंतचं कुठलंही माप शंभराव्या भागाच्या पायरीनं उभं करता येतं. त्यांचे पृष्ठभाग इतके सपाट असतात, की पुसून एकमेकींवर सरकवल्या की गोंदावाचून चिकटतात.

मग एखादा हुशार पोरगा विचारतोच, "पण सर, सपाट आहे हे पहिल्यांदा कुणी ठरवलं? ज्यावर तपासलं ते सपाट कशावरून?" हा प्रश्न येईपर्यंत मी वाट बघत असे. उत्तर इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४० साली मांडलेल्या पद्धतीत आहे. दोन प्लेट निळा रंग लावून एकमेकींवर घासल्या आणि जिथं रंग लागला तिथला उंचवटा स्क्रेपरनं खरवडला, तर दोन्ही हळूहळू जुळतात. पण एक खोलगट आणि दुसरी फुगीर असली तरीही त्या जुळतील. म्हणून तिसरी प्लेट घ्यायची. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी, आळीपाळीनं. तिन्ही परस्परांशी जुळायच्या तर तिन्हींना सपाट होण्यावाचून गत्यंतर नाही. कुठलंही आधीचं प्रमाण हाताशी नसताना, नुसत्या फेरतपासणीतून अचूकता उभी राहते. आमच्या धंद्याचा पाया हा आहे. एकाच साधनानं दहा वेळा मोजलं तर एकच चूक दहा वेळा मिळते. दुसऱ्या वाटेनं मोजलं तर ती उघडी पडते.

आता सीएनसी. संगणकाच्या आकड्यांवर चालणारी ही मशीनं उत्तम आहेत, त्यांच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. पण त्यांच्यावर चूक दिसेनाशी होते. जॉबचं माप वाढलं की ऑपरेटर मशीन लावून देणाऱ्या सेटरला हाक मारतो. सेटर ऑफसेटमध्ये, म्हणजे हत्याराची जागा सरकवणाऱ्या नोंदीत, दोन आकडे टाकतो आणि माप परत हद्दीत येतं. कापणारी टिप झिजली होती, चकच्या जबड्यात कीस अडकला होता की सकाळचं थंड मशीन दुपारी तापलं होतं, हे ऑपरेटरला कळत नाही, आणि विचारायला वेळ नसतो. जॉब लावा, दार ओढा, सायकल स्टार्ट दाबा, जॉब काढा, गो-नोगो गेज घाला. एका कारखान्यात मी असे उमेदवार पाहिले, ज्यांनी अख्खं वर्ष एकाच मशीनवर एकच जॉब केला. कागदोपत्री त्यांचं प्रशिक्षण पूर्ण होतं. त्यांच्या हाती साधा ठोकळा दिला तर सळई कुठं धरायची ते सांगता आलं नाही.

याचं मूळ हिशेबात आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. त्यानुसार उमेदवार हा शिकणारा धरला जातो, कामगार नव्हे. आणि वर्ष संपल्यावर त्याला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेनं अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यायचे असतात. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला दीड हजारापर्यंत, केंद्र सरकार उचलू लागलं. हेतू चांगला, पण घाईत असलेल्या मालकाला त्यात वर्षभराचा स्वस्त हात दिसतो. जर्मनीत याच कामाची उमेदवारी साडेतीन वर्षांची असते. पोरगं कारखान्यात शिकतं आणि त्याच काळात शाळेतही जातं. आपल्याकडं आयटीआय वेगळी, कारखाना वेगळा, आणि दोन्हींना जोडणारं ते एकच वर्ष. तेच वाया गेलं तर उरतं काय?

हे आपल्याला जमत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा यंत्र कधी न पाहिलेल्या खेड्यातल्या माणसांनाच हाताशी धरून शिकवलं. टेल्को ही मालमोटारी बनवणारी कंपनी १९६६ साली पिंपरीत आली. तिचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांनी सुरुवातीलाच उभं केलं ते उमेदवारांचं प्रशिक्षण केंद्र आणि मशीन टूल विभाग. पुण्यातून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं ते १९७७ साली. आधी माणसं घडली, मग गाड्या. भोसरी-चिंचवडच्या गल्ल्यांतल्या कितीतरी छोट्या वर्कशॉपांचे मालक अशाच प्रशिक्षणातून बाहेर पडलेले आहेत.

तेव्हा खुटबावातल्या आणि कुठल्याही गावातल्या आईबापांना माझं सांगणं सोपं आहे. करारावर पोराची सही होण्याआधी कारखान्यात स्वतः जा आणि तीन गोष्टी विचारा. पोरगं कुणाच्या हाताखाली शिकणार, त्या माणसाचं नाव काय? वर्षभरात ते किती प्रकारच्या मशीनवर फिरेल आणि मापनखोलीत किती दिवस बसेल? आणि सेटरनं ऑफसेट बदलला तर 'का बदलला' हे विचारायची मुभा त्याला आहे का? तिसऱ्या प्रश्नाला सुपरवायझर हसला तर पोराला घेऊन पुढची गाडी पकडा. तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर विद्यावेतन कायद्यातल्या किमान रकमेएवढंच असलं तरी तिथंच घाला, मुलगा असो वा मुलगी. शेजारच्याचा मुलगा तोवर जास्त कमवत असेल, कमवू द्या. त्याच्या जागी जॉब लावणारा रोबोट मिळतो. जॉब वाकडा का आला ते शोधणाऱ्याला कारखाना सहजी सोडत नाही.