निवळीचा थेंब

लेकीकडे न्यूजर्सीला सहा महिने राहायला गेले, तेव्हा तिच्या दिवाणखान्यात समुद्र होता. म्हणजे १२० लिटरची काचेची टाकी, खारं पाणी, चार मासे आणि दगडांवर चिकटलेली पोवळी. मला ते बघून बरं वाटलं नाही. "जीव कोंडून ठेवायचे नि वर हौस म्हणायचं?" असं मी पहिल्याच दिवशी बोलून गेले. लेक म्हणाली, "आई, घर विकत घेतलं तेव्हा आधीच्या माणसाने टाकी इथेच सोडली. आता समुद्रात सोडले तर जगायचे नाहीत. सांगतेस काय करू ते?" मला सांगता आलं नाही. माशांचं खाणं ती वेगळ्या लहान फ्रीजमध्ये ठेवायची. तिकडे मी सहा महिन्यांत एकदाही गेले नाही.

पोवळं म्हणजे दगड नव्हे, लहान लहान जिवांची वस्ती, हे मला तिथेच नीट कळलं. ते जीव पाण्यातला चुना ओढून स्वतःभोवती घर बांधतात. समुद्रात चुना संपत नाही, टाकीत संपतो. म्हणून तो रोज द्यावा लागतो, पण हळूहळू. त्यासाठी एक छोटा पंप होता, तो बंद पडला. नवा महाग. त्यात लेकीला तान्हं बाळ, जावई कामानिमित्त बाहेरगावी. ती रात्री उठून चमच्याने औषध घातल्यासारखं घालायची.

मी विचारलं, "घालतेस तरी काय त्यात?" तर चुन्याची निवळी! अगं, ही तर आमच्या बेळगावच्या घरातली वस्तू. चुना पाण्यात कालवायचा, रात्रभर ठेवायचा, साका खाली बसला की वरचं नितळ पाणी घ्यायचं. आजी दात येणाऱ्या पोरांना ती थेंब थेंब द्यायची. इथे चुना मात्र पानाचा नाही, शुद्ध केलेला, आणि पाणीही यंत्रातून गाळलेलं. २ लिटरला सपाट एक चमचा. हाताला मोजे, डोळ्याला चष्मा, कारण ही निवळी चांगलीच जळजळीत.

पंप नसला तर काय झालं, म्हटलं. ह्यांच्या शेवटच्या आजारपणात मी दवाखान्यात सलाईनचे थेंब मोजत रात्री काढल्या होत्या. तेच इथे करायचं. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घेतला, तळापासून दोन बोटं वर भोक पाडलं, म्हणजे साका नळीत जाऊ नये. त्यात बारीक नळी आणि थेंब कमीजास्त करायची चावी बसवली. झाकणाला सुईएवढं छिद्र ठेवलं. हवा आत गेली नाही तर पाणी उतरत नाही, आणि जास्त गेली तर निवळीवर साय धरते. डबा उंच फळीवर ठेवला, नळीचं तोंड टाकीच्या पाण्याच्या चार बोटं वर. २० थेंबांचा एक मिलिलिटर भरला. १० तासांत २ लिटर, म्हणजे मिनिटाला ६६ थेंब. टाकीतून रोज तेवढंच पाणी उडून जायचं. मीठ मागे राहतं, पाणी तेवढं जातं.

हे सगळं रात्री. दिवा मालवला की टाकीतल्या पाण्याची आम्लता वाढते, निवळी ती सावरते. मला हसू यायचं. दिवस मावळल्यावर मी तोंडात काही घालत नाही, आणि माझ्या हाताने ह्यांची पंगत रात्रीच बसते!

महिनाभर छान चाललं. मग एका रात्री अकराला बघते तर थेंब फार सावकाश. चावी अर्धा फेर सैल केली नि झोपले. चावीत चुन्याची खपली अडकली होती. ती रात्री सुटली आणि डबाभर निवळी तासाभरात टाकीत गेली. पहाटे पाणी दुधासारखं. ८.२ असणारा पीएच ९ च्या जवळ. पोवळ्यांनी सगळी तोंडं मिटून घेतली होती. लेकीने बाळ माझ्याकडे दिलं, काही बोलली नाही, आणि २५ लिटर पाणी बदलायला बसली. तिसऱ्या दिवशी बाकीची उमलली. एक फांदी पांढरी पडली ती पडलीच.

मी त्या दिवशी जेवले नाही. घरात पाणी गाळल्यावर फडक्यातले जीव परत विहिरीत सोडणारी आमची आई, आणि तिच्या लेकीच्या हातून हे. "आता ते काढून टाक, मी नाही हात लावणार," म्हटलं. लेक म्हणाली, "तू हात लावला नाहीस तर मी अर्धवट झोपेत लावणार. ते बरं?"

मग विचार केला. चूक झाली ती चावी सैल केली म्हणून, हे खरं. पण माणूस चावी कधीतरी सैल करणारच. चुकलं तरी जीव जाऊ नये एवढीच निवळी डब्यात का नव्हती? गृहस्थाला महाव्रत झेपत नाही, म्हणून तर अणुव्रतं दिली. मोह होणारच हे धरून आधीच परिमाण ठरवायचं. ते मी वर्षानुवर्षं साड्यांचं आणि दागिन्यांचं घालत आले, डब्याचं घालायला विसरले.

दुसऱ्या दिवशी १ लिटरचाच डबा आणला. मिनिटाला ३३ थेंब. सगळं एकदम सांडलं तरी टाकी सोसेल. राहिलेलं पाणी सकाळी साधंच घालायचं. दर रविवारी नळी आणि चावी व्हिनेगरात बुडवून धुवायची. थेंब कमी झाला तर चावी फिरवायची नाही, काढून धुवायची.

"पोवळी जरा हळू वाढतील," लेक म्हणाली.

"वाढू देत हळू," मी म्हटलं.

परत येऊन वर्ष झालं. फोनवर बाळाची खुशाली विचारून झाली की मी अजून विचारते, "रविवारी चावी धुतलीस ना गं?"