कबुली

माझ्या टेबलाच्या खणात एक लाकडी पट्टी पडून आहे. ती मी वापरीत नाही आणि टाकूनही देत नाही.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. सहलीसाठी मुलांकडून गोळा केलेले पैसे माझ्याकडून नाहीसे झाले. मधल्या सुटीत वर्गात एकच मुलगा बसलेला होता. मुख्याध्यापक मला म्हणाले, "पैसे मिळाले पाहिजेत. कसे मिळवलेत ते मी विचारणार नाही." मी पट्टी उचलली. चार तडाखे बसेपर्यंत मुलगा 'नाही' म्हणत होता. पाचव्याला म्हणाला, "घेतले." कोठे ठेवलेस म्हणून दरडावले, तेव्हा त्याने ओढ्याकाठच्या वडाची ढोली सांगितली. ढोलीत काही नव्हते. पुन्हा पट्टी. मग गोठ्यातली गव्हाण झाली, मग शेजारच्या एका पोराचे नाव आले. चौथ्या दिवशी पैसे माझ्याच पिशवीच्या फाटक्या अस्तरात सापडले.

माराखालच्या माणसापुढे एकच प्रश्न असतो : काय म्हटले म्हणजे हा हात थांबेल? त्याचे उत्तर त्या मुलाने शोधून काढले होते, इतकेच. त्यालाच मी कबुली समजलो.

पुढे अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्याविषयी वाचताना मुख्याध्यापकांचे ते वाक्य मला पुन्हा भेटले. शाळकरी पोराचा तळहात आणि सैनिकांची तळघरे यांची तुलना होऊ शकत नाही, हे मला कळते. पण परवानगी देण्याची रीत दोन्हीकडे एकच होती. १९५६ मध्ये फ्रान्सच्या संसदेने अल्जीरियासाठी सरकारला विशेष अधिकार दिले, आणि जानेवारी १९५७ मध्ये अल्जीअर्स शहरातले पोलिसांचे अधिकार जनरल मास्यू यांच्या छत्रीधारी सैनिकांच्या हाती गेले. उपाहारगृहांत बॉम्ब फुटत होते, निरपराध माणसे मरत होती, हे खरेच होते. बॉम्ब ठेवणाऱ्यांची नावे हवी होती. विजेचे झटके देऊन आणि पाण्यात गुदमरवून ती मिळवली जाऊ लागली. कशी मिळवलीत, हे पॅरिसने विचारले नाही.

त्या शहरातल्या पोलीस कारभाराचा सचिव होता पोल तेतजेन. महायुद्धात तो जर्मनांविरुद्धच्या गुप्त लढ्यात होता. गेस्टापोने त्याचा छळ केला, पुढे डाखाऊच्या छावणीत टाकले. मार्च १९५७ मध्ये त्याने राजीनाम्याचे पत्र लिहिले. चौदा वर्षांपूर्वी नान्सीच्या तळघरात आपल्या अंगावर उठलेल्या खुणा आपण या कैद्यांच्या अंगावर ओळखल्या, असे त्यात होते. ते वाचून मी पुस्तक मिटले. माझ्याही हातावर लहानपणी गुरुजींच्या छडीचे वळ उठले होते. ते वळ मला ओळखता आले असते. मी त्या मुलाच्या हाताकडे पाहिलेच नव्हते.

'पण बॉम्ब खरोखरच पेरलेला असेल तर?' असे कोणी विचारील. तेतजेनपुढे हा प्रश्नही आला होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये गॅसच्या कारखान्यात बॉम्ब ठेवणारा फर्नां इव्हतों पकडला गेला. दुसरा बॉम्ब कोठेतरी होताच. तेतजेनने छळाला नकार दिला आणि दुपारभर भीतीने कापत राहिला. तो बॉम्ब फुटला नाही. पण पोलिसांनी नकार धाब्यावर बसवून इव्हतोंचा छळ केलाच. बॉम्ब फुटला असता, तर तेतजेनला जन्मभर झोप लागली नसती, हे मला मान्य आहे. नकाराची किंमत असते. होकाराचीही असते, ती मात्र सरकारी हिशेबात धरली जात नाही.

फ्रान्सला ती भरावी लागली. १९५७ मध्ये शहरातले बॉम्ब थांबले, लढाई जिंकल्यासारखे वाटले. पण ज्या सेनेला कायदा ओलांडण्याची मुभा मिळाली होती, तिच्यातल्याच अधिकाऱ्यांनी मे १९५८ मध्ये अल्जीअर्समध्ये बंडाला हात घातला आणि फ्रान्सचे चौथे प्रजासत्ताक कोसळले. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. छळावाचूनही भागले असते, अशी कबुली खुद्द मास्यू यांनी २००० मध्ये दिली. ती देताना त्यांच्या अंगाला कोणी हात लावला नव्हता.

मोरिस ओदँ हा पंचविशीतला गणिताचा शिक्षक जून १९५७ मध्ये घरातून नेला गेला, तो परतला नाही. तो पळून गेला, असे सरकार सांगत राहिले. त्याच्या मृत्यूची जबाबदारी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी स्वीकारली ती सप्टेंबर २०१८ मध्ये. एका खोट्याला सांभाळण्यात राज्याची एकसष्ट वर्षे गेली, आणि त्या माणसाच्या बायकोचीही.

मी मुलाची क्षमा मागितली, पण एकट्यात. चाळीस मुलांसमोर मागण्याचे धैर्य झाले नाही. मारताना मात्र ती चाळीस मुले समोर होती आणि गप्प होती. त्या गप्प बसण्याचे शिक्षणही मीच त्यांना दिले.

तो मुलगा पुढे दोन वर्षे माझ्या वर्गात होता. हुशार होता. मी प्रश्न विचारला की तो उभा राही, आधी माझ्या हाताकडे पाही आणि मग उत्तर देई. उत्तर बहुधा बरोबर असे. ते त्याला ठाऊक होते म्हणून, की मला हवे होते म्हणून, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.