कात्राबाईच्या खिंडीपलीकडे

डोंगरातल्या दीर्घ पदभ्रमणाचा पहिला धडा घरीच मिळतो. जे घेऊ ते दिवसभर स्वतःच्याच पाठीवर वाहायचे असते. गेल्या डिसेंबरात मुलासोबत सह्याद्रीत निघालो, तेव्हा वजनकाट्यावर ठेवलेल्या पिशवीतून मी तीनदा सामान काढले. अखेर 9 किलो उरले. तंबू, पथारी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाणी आणि ते गाळण्यासाठी पांढरे फडके.

रतनवाडीच्या प्राचीन अमृतेश्वर मंदिरापाशी उजाडले. रतनगड उजवीकडे ठेवून आम्ही कात्राबाईच्या खिंडीची वाट धरली. दाट रानात ऊन उतरत नव्हते. दर सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीच्या वाळक्या काटक्या अंगाला घासत होत्या. खिंडीच्या चढावर मुलाने न विचारता माझ्या पिशवीतला तंबू काढून आपल्या पिशवीत घातला.

उतारावर तो म्हणाला, "अप्पा, मला दुकानात बसायचे नाही. घरी सांगायचे धाडस होत नव्हते."

आमचे कापडदुकान माझ्या आजोबांनी सुरू केलेले. मी काही बोललो नाही. त्या निसरड्या मुरमावर पाऊल जपून टाकावे लागत होते, आणि उत्तरही.

दुपारी कुमशेतला पोहोचलो. समोर आजोबाच्या डोंगराचे उंच कडे उभे होते. एका अंगणात आजीबाईंनी पाण्याची कळशी पुढे केली. आम्हा दोघांकडे पाहून त्या म्हणाल्या, "बापलेक व्हय? चाल एकसारखीच हाय." मुलगा हसला. सकाळपासून प्रथमच.

पुढे मुळेचे पात्र ओलांडून, माळ तुडवीत दिवस कलताना पाचनईजवळ आलो. 1424 मीटर उंचीचा हरिश्चंद्रगड काळ्या भिंतीसारखा समोर होता. एका शेतकऱ्याची परवानगी घेऊन त्याच्या पडीक रानात तंबू ठोकला आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले. अंधार पडताच गारठा वाढला. कृत्तिका माथ्याकडे सरकल्या, पूर्वेला मृग नक्षत्र उगवले. आसपास एकही दिवा नव्हता.

तेव्हा मी म्हणालो, "जागेचा भाडेकरार मार्चमध्ये संपतो. मी तो एकाच वर्षासाठी वाढवीन. शिल्लक माल विकायला आणि दोन्ही नोकरांची सोय लावायला तेवढा वेळ हवा."

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "त्या वर्षात दर रविवारी मी दुकानात येईन. हिशेब दोघे मिळून मिटवू."

तीन पिढ्यांचे दुकान मिटविण्याचे दुःख मला आहेच. रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही, हेही खरे. परंतु वारशात दुकानाखेरीज आणखीही काही असते. हाती घेतलेले काम नीट पुरे करणे आणि आपल्यावर विसंबलेल्यांना वाऱ्यावर न सोडणे, एवढे पुढच्या पिढीने उचलले, तर बाकीचे ओझे खाली ठेवता येते. चालणाऱ्याला त्याने पुढची वाट सोपी होते.