जमिनीची आठवण आणि अर्धं डेरिव्हेटिव्ह

मंडळी, या शनिवारी जरा गणिताचं दळण दळायचा विचार आहे. घाबरू नका, परीक्षा नाही. इंजिनिअरिंगला एम-थ्री नावाच्या विषयाने ज्यांची झोप उडवली होती त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण शेवटी गाडी आमच्या बीड जिल्ह्यातल्या विहिरीवर येऊन थांबणार आहे.

तर प्रश्न असा. अंतराचं एकदा डेरिव्हेटिव्ह घेतलं की वेग मिळतो, दोनदा घेतलं की त्वरण. मग अर्ध्यांदा घेतलं तर? हा चावटपणा माझा नाही. ३० सप्टेंबर १६९५ ला लाइबनिझने लोपितालला लिहिलेल्या पत्रात याच प्रश्नाची चर्चा आहे. आत्ता हे विचित्र वाटतंय, पण यातून एक दिवस उपयोगाचं काहीतरी निघेल, असा त्याचा अंदाज होता. निघालं खरं, पण त्याला तीनशे वर्षांच्या आसपास लागली.

साधं डेरिव्हेटिव्ह फार विसराळू असतं. त्याला फक्त आजूबाजूचं दिसतं. आज विहिरीत किती पाणी आहे आणि काल किती होतं, एवढ्यावर त्याचं काम भागतं. फ्रॅक्शनल डेरिव्हेटिव्हचं तसं नाही. ते सगळा भूतकाळ मागतं. १८६७ मध्ये ग्रुनवाल्डने आणि १८६८ मध्ये लेत्निकोव्हने दिलेली व्याख्या कोडमध्ये टाकून बघा. अर्ध्या डेरिव्हेटिव्हसाठी आजच्या किमतीतून कालच्याचे ०.५ भाग वजा करायचे, परवाचे ०.१२५, तेरवाचे ०.०६२५, त्याच्या आदल्या दिवसाचे ०.०३९... असं करत मागे मागे जायचं. वजनं कमी होत जातात, पण संपत नाहीत. या सगळ्या वजनांची बेरीज बरोबर १.

याने फरक काय पडतो? समजा एखादी गोष्ट 'जेवढी शिल्लक तेवढ्या प्रमाणात' घटते. साध्या समीकरणात १ पासून सुरू केलं तर वेळ १ ला ०.३६८ उरते आणि वेळ ९ ला ०.०००१२, म्हणजे संपलीच. तेच समीकरण अर्ध्या डेरिव्हेटिव्हने लिहिलं तर वेळ १ ला ०.४२८ उरते आणि वेळ ९ ला चक्क ०.१७९! गंमत म्हणजे अगदी सुरुवातीला हीच दुसरी गोष्ट जास्त जोरात घसरते. वेळ ०.०१ ला साधी ०.९९० वर असते आणि ही ०.८९६ वर. आधी भराभर, मग रेंगाळत रेंगाळत. हे वागणं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता आमच्या धंद्यातली अडचण. प्रत्येक पायरीला सगळा इतिहास परत चाळायचा म्हणजे N पायऱ्यांना साधारण N वर्गाच्या निम्मे गुणाकार. दहा वर्षांच्या रोजच्या नोंदी, म्हणजे ३,६५० पायऱ्या धरल्या तर सुमारे ६७ लाख. लॅपटॉपला हे किरकोळ आहे. पण तीच दहा वर्षं तासातासाने घेतली की ८७,६०० पायऱ्या आणि सुमारे ३८४ कोटी गुणाकार. पायऱ्या २४ पट, काम ५७६ पट. आणि हे एका विहिरीचं. तालुक्याच्या नकाशावर हजारो ठिपके असले की झालंच.

कुठलाही प्रोग्रामर लगेच म्हणेल, जुनं फेकून द्या की, शेवटच्या शंभर पायऱ्या ठेवा. याला 'शॉर्ट मेमरी' म्हणतात, आणि कामापुरतं ते चालतंही. पण किंमत बघा. अर्ध्या डेरिव्हेटिव्हमध्ये शंभर पायऱ्यांच्या मागचं वजन ५.६ टक्के भरतं. ते ०.५६ टक्क्यांवर आणायचं तर शंभराच्या जागी दहा हजार पायऱ्या ठेवाव्या लागतात. म्हणजे विसरण्यातली चूक दहापट कमी करायची तर आठवण शंभरपट वाढवा! हिशोब कसा, हे बघून मी दोनदा चहा घेतला.

यावर जगात बरेच उपाय निघाले, आणि त्यातले काही आपल्या पुण्यातले आहेत, हे मला फार उशिरा कळलं. पुणे विद्यापीठाच्या डॉ. वर्षा दफ्तरदार-गेज्जी आणि होसेन जाफरी यांनी २००६ मध्ये एक पद्धत मांडली, ती आज दोघांच्या आडनावांनीच ओळखली जाते. कल्पना अगदी घरगुती आहे. आधी एक ढोबळ उत्तर धरायचं. ते समीकरणात घालायचं, काहीतरी मिळेल. आता दोन्हींची बेरीज परत समीकरणात घालायची, आणि मागच्या खेपेपेक्षा जेवढं नवीन आलं तेवढंच पुढे जोडायचं. दुकानदार उधारीच्या वहीत मागची बाकी परत परत न लिहिता फक्त वाढलेली रक्कम लिहितो ना, तसं. अडोमियनच्या जुन्या पद्धतीत खास बहुपदी काढत बसावं लागतं, ती कटकट इथे नाही. मात्र वेळ लांबली की मालिकेतल्या संज्ञा आधी फुगतात आणि मग एकमेकींना खोडतात, म्हणून लांबच्या पल्ल्याला पायरी-पायरीने जाणं बरं. त्यासाठी दफ्तरदार-गेज्जी, सुकाळे आणि भालेकर यांनी २०१४ मध्ये हीच कल्पना वापरून प्रेडिक्टर-करेक्टर पद्धत दिली. म्हणजे आधी अंदाज करायचा, मग दुरुस्त करायचा.

आता गाडी विहिरीकडे. आमच्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याच्याखाली काळा पाषाण. सगळा दख्खनचा बेसाल्ट. पाणी राहतं ते झिजलेल्या थरात आणि फटींत. मोठ्या फटीतून ते धावतं, बारीक भेगांत आणि मुरमात अडकून महिनोन् महिने पाझरत राहतं. आधी भराभर, मग रेंगाळत, आठवतंय ना? जमिनीखालच्या पाण्याबरोबर वाहणाऱ्या पदार्थांची अशी लांबलेली शेपूट पकडायला बेन्सन, व्हीटक्राफ्ट आणि मीरशार्ट यांनी २००० साली फ्रॅक्शनल समीकरण वापरलं. २००६ मध्ये क्लूट आणि बोथा यांनी भूजलाच्या प्रवाहाचं समीकरणही याच भाषेत लिहिलं.

म्हणून मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, विहिरीची पातळी लिहून ठेवायला सांगितलं होतं. दोरीला दगड, दर रविवारी, शाळेच्या शंभर पानी वहीत. नोंदी २०२२ पासूनच्या आहेत. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सिंदफणेला पूर आले, पिकं गेली, कुणाकुणाची मातीसुद्धा वाहून गेली. त्यानंतर विहीर मात्र काठोकाठ. आणि घरात वाद सुरू झाला. सोयाबीनमध्ये बुडालेला चुलतभाऊ म्हणतो, "काका, विहीर तुडुंब हाय, आता ऊसच लावू. कर्ज फिटंल." अण्णा म्हणतात, "वर आलंय ते दिसायलंय. खाली किती मुरलंय ते मला सांग."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. घरात कॉम्प्युटरवाला मीच!

वही वापरून मी दोन्ही समीकरणं चालवून पाहिली. प्रामाणिकपणे सांगायचं तर एका विहिरीच्या रविवारच्या नोंदी, त्यात मधेमधे मोटर चाललेली, शेजारच्या बोअरचा उपसा वेगळाच. यातून कुठलं समीकरण खरं हे ठरवणं म्हणजे शितावरून अख्ख्या गावजेवणाची परीक्षा. पण एक गोष्ट हाताला लागली. १९६७ मध्ये कापुटोने दिलेलं जे रूप आम्ही प्रोग्रामवाले वापरतो, त्यात आठवण सुरू होते ती शून्य वेळेपासून. शून्याच्या आधी काय झालं ते त्याला माहीतच नसतं. म्हणजे शून्य कुठे ठेवायचं हा नुसता तांत्रिक प्रश्न नाही, अर्धं उत्तर तिथेच ठरतं. माझं शून्य २०२२ ला, कारण वही तिथून सुरू होते. चुलतभावाचं २०२५ च्या पुराला. अण्णांचं त्याच्या कितीतरी मागे. पाण्याअभावी परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं ते २०१५, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते २०१६, आणि त्याच्याही मागे १९७२, सुकडी आणि मिलो.

फोर्ड आणि सिम्पसन यांनी २००१ मध्ये वेळ वाचवायचा एक उपाय सांगितला होता. जवळचा भूतकाळ बारीक पायऱ्यांनी मोजा, लांबचा मोठमोठ्या पायऱ्यांनी, पण सोडू काहीच नका. अण्णांची आठवण नेमकी अशीच आहे. हा आठवडा दिवसागणिक, मागचं वर्ष महिन्यागणिक, त्यामागचं सगळं नुसत्या सालाने. बारावीनंतर शेतीत पडलेला माणूस हे कुठल्याही पेपरशिवाय करतो.

मी घरी एवढंच सांगितलं की माझ्या लॅपटॉपकडे उत्तर नाही, पण काठोकाठ भरलेली विहीर म्हणजे भरलेली जमीन असं गृहीत धरू नका. पुढचा निर्णय त्या दोघांनी घेतला. एक एकर ऊस, तोही ठिबकवर, बाकी हरभरा आणि ज्वारी. चुलतभाऊ थोडा नाराज आहे, आणि त्याचं कर्ज काही समीकरणाने फिटणार नाही, हे मलाही कळतं. उन्हाळ्यात विहीर टिकली तर तो मला सुनावणार, आणि त्याने सुनावलं तर मला आनंदच होईल.

असो. तुमच्याकडे कुणी "यंदा पाणी भरपूर आहे" म्हणालं, तर "कधीपासून मोजलं?" एवढं जरूर विचारा. आणि घरी एखादी वही, दोरी आणि दगड असेल तर येत्या रविवारपासून सुरू करा. शून्य जितकं मागे, तितकं बरं.